सोंग, सूत्रधार आणि सवंगडी : मेजावरच्या भूमिकाखेळाचा वाङ्मयीन विचार

१. प्रास्ताविक

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात संहिता आणि प्रयोग यांच्या परस्परसंबंधाचा विचार नवा नाही. लळित, भारूड, गोंधळ, दशावतार, तमाशा या प्रयोगरूप प्रकारांची दखल लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी घेतली असून दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे, तारा भवाळकर यांच्या लेखनाने या अभ्यासाला शिस्त लाभली आहे. तथापि पदव्युत्तर वर्गात भारूड शिकविले जाते ते बहुधा एकनाथांच्या गाथेतील छापील रचना म्हणून. ती रचना गावच्या पारासमोर उभी करणारा सोंगाड्या, त्याला मध्येच अडवून प्रश्न विचारणारा साथीदार आणि त्या प्रश्नामुळे त्या एका रात्रीपुरते जन्माला आलेले बोलणे हे सारे वर्गाबाहेर राहते. जे लिहून उरत नाही त्याचे मूल्यमापन करण्याची साधने मराठी समीक्षेजवळ थोडी आहेत, हे त्याचे कारण होय.

ही उणीव स्पष्ट व्हावी म्हणून प्रस्तुत लेखात एक दूरचा वाटणारा प्रकार विचारासाठी घेतला आहे. मेजाभोवती बसून चार-पाच मित्रांनी बोलत बोलत खेळावयाचा भूमिकाखेळ हा तो प्रकार. 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' या नावाने तो जगभर ओळखला जातो व महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत तरुण मंडळींना तो परिचित आहे. या खेळात एक कथा घडते, पात्रे उभी राहतात, संवाद होतात. परंतु तिला एक लेखक नसतो, प्रेक्षक नसतो आणि खेळ संपल्यावर संहिताही उरत नाही. अशा निर्मितीला वाङ्मय म्हणावे काय, हा येथील मूळ प्रश्न आहे.

लेखाचे प्रतिपादन दुहेरी आहे. हा खेळ समजून घेण्यास 'अभिनय' किंवा 'कादंबरी' यांपेक्षा 'सोंग' ही मराठी लोकपरंपरेतील संकल्पना अधिक उपयोगी पडते, हे पहिले. आणि या खेळाच्या आधाराने भारुडासारख्या प्रकाराची वर्गात हरवलेली बाजू पुन्हा दिसू लागते, हे दुसरे. विवेचनासाठी हिंगोली जिल्ह्याचा परिसर समोर ठेवला आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात कयाधूकाठचे नरसी हे नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव आहे. नामदेव-विसोबा खेचर भेटीची कथा जेथे घडली असे सांगतात ते औंढा नागनाथ आहे. आणि खुद्द हिंगोली शहरात दसऱ्याच्या सार्वजनिक महोत्सवात रामलीला उभी राहते. कीर्तन, भारूड आणि लीला ही कथनाची तीन रूपे एका लहान जिल्ह्यात इतकी जवळ नांदत असल्याने तुलनेस हा परिसर सोयीचा आहे.

२. खेळाची घडण

भूमिकाखेळाचा उगम युद्धखेळात आहे. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी 'क्रीग्जश्पील' हा खेळ सिद्ध केला; पुत्राने १८२४ मध्ये त्याची नियमावली प्रसिद्ध केली. त्यात दोन पक्षांच्या आज्ञा ऐकून निर्णय देणारा पंच होता. पुढे १८७६ मध्ये प्रशियातच या खेळाचे मोकळे रूप पुढे आले. त्यात कोष्टके बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावर भर देण्यात आला. पंचाचा हा विवेक पुढच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला.

१९६९ मध्ये अमेरिकेतील मिनीआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली या तरुणाने 'ब्राउनस्टाइन' नावाच्या कल्पित जर्मन गावावर एक युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळातील त्या गावातले नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा वेगवेगळ्या भूमिका त्याने खेळाडूंना वाटून दिल्या. सैन्ये समोरासमोर येण्यापूर्वीच खेळाडू एकमेकांना बाजूला नेऊन बोलू लागले, कट करू लागले, आणि पटावरचा खेळ विस्कटला. वेस्लीला तो प्रयोग फसल्यासारखा वाटला. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच खेळ मांडण्याचा आग्रह धरला. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने 'ब्लॅकमूर' ही कल्पित भूमी रचून हा प्रकार पुढे नेला, आणि गॅरी गायगॅक्स याच्यासह सिद्ध केलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. आज प्रचलित असलेल्या बहुतेक भूमिकाखेळांची वंशावळ या खेळापर्यंत जाऊन पोहोचते.

खेळाची रीत थोडक्यात अशी. एक गडी सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एक भूमिका घेतात आणि त्या भूमिकेचे बळ, कसब, जवळच्या वस्तू, पैसा यांची नोंद एका कागदावर ठेवतात. सूत्रधार प्रसंग सांगतो व विचारतो, 'तुम्ही काय करता?' गडी आपल्या भूमिकेच्या वतीने उत्तर देतो. ते कृत्य सहज साधण्याजोगे असेल तर साधते. अशक्य असेल तर साधत नाही. आणि साधेल की नाही याची शंका असेल तर फासा टाकला जातो. फासे चार, सहा, आठ, बारा, वीस अशा निरनिराळ्या पैलूंचे असतात. फाशाचा कौल ऐकून सूत्रधार पुढचा प्रसंग सांगतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. वर्णन, प्रश्न, निश्चय, कौल आणि नवे वर्णन या आवर्तनातून कथा पुढे सरकते. एक बैठक तीन-चार तास चालते, आणि एकच कथा अनेक बैठकांतून कित्येक महिने चालू राहू शकते.

३. एक कल्पित बैठक

स्पष्टीकरणासाठी एक प्रसंग कल्पावा. वसमतच्या एका वसतिगृहाच्या खोलीत चार विद्यार्थी बसले आहेत. सूत्रधाराने निजामी अमदानीतील कयाधूकाठचे एक गाव मांडले आहे. दुष्काळाचे वर्ष आहे. गावच्या बारवेवर जहागीरदाराने पहारा बसविला आहे. तिघा गड्यांनी अनुक्रमे पाथरवट, वैदीण आणि नोकरीवरून काढलेला कारकून अशी सोंगे घेतली आहेत. रात्री बारवेत उतरून पाणी काढावयाचे, हा त्यांचा बेत.

सूत्रधाराने पहारेकऱ्याला भाला, कंदील आणि करडा आवाज एवढेच दिले होते. पाथरवट मागच्या बाजूचा चिरा निखळतो काय ते पाहू लागतो. तेवढ्यात वैदिणीचे सोंग घेतलेला गडी पुढे होऊन म्हणतो, "शिपाईदादा, लेकराचा ताप उतरला का तुमच्या? परवा लई कन्हत होतं म्हनं." पहारेकऱ्याला लेकरू आहे हे सूत्रधाराच्याही ध्यानीमनी नव्हते. क्षणभर थांबून तो पहारेकऱ्याच्या आवाजात उत्तर देतो, "तुला कुनी सांगितलं?" या दोन वाक्यांत पहारेकऱ्याला घर मिळाले, आजारी मूल मिळाले आणि दुबळी जागाही मिळाली.

आता शंका आहे, म्हणून फासा. वीस पैलूंच्या फाशावर बारा किंवा अधिक पडल्यास पहारेकरी वाट देईल, असे सूत्रधार ठरवितो; म्हणजे यशाची शक्यता वीसात नऊ. दान सात पडते. येथे अननुभवी सूत्रधार 'तो नाही म्हणतो' एवढे सांगून थांबेल आणि कथा खुंटेल. जाणता सूत्रधार सांगेल की पहारेकऱ्याचे डोळे भरून आले. तो मोठ्याने रडू लागला. आणि त्या आवाजाने वाड्यातला दिवा लागला. बेत फसला, परंतु कथा अधिक गडद झाली. आता या माणसाला रडत सोडून पळावे, की त्याच्या घरी औषध घेऊन जावे? हा प्रश्न कोणी लिहून ठेवलेला नव्हता. एकाच्या उत्स्फूर्त वाक्यातून, दुसऱ्याच्या विवेकातून आणि फाशाच्या प्रतिकूल कौलातून तो निर्माण झाला.

या प्रसंगाचा कर्ता कोण? सूत्रधार म्हणावा तर मूल त्याने कल्पिले नव्हते. वैदिणीचा गडी म्हणावा तर रडणे त्याच्या मनात नव्हते. दोघांपैकी कोणीही एकट्याने हा प्रसंग लिहिला असता तर तो वेगळा झाला असता. एककर्तृक साहित्यकृतीवर आधारलेली समीक्षा येथे अडखळते.

४. सोंग आणि अभिनय

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'शेअर्ड फँटसी' या ग्रंथात भूमिकाखेळाच्या मंडळांचा प्रत्यक्ष सहभागातून अभ्यास मांडला. अर्विंग गॉफमन यांच्या चौकटींच्या सिद्धांताचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की खेळणारी व्यक्ती एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरते. ती घरदार असलेली व्यक्ती असते, नियम जाणणारी खेळाडू असते आणि कथेतील पात्रही असते. 'चहा दे', 'माझ्याजवळ दोनच दाने उरली' आणि 'शिपाईदादा, लेकरू कसं आहे?' ही तीन वाक्ये एकाच तोंडून लागोपाठ निघतात आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही.

वास्तववादी रंगभूमीच्या कल्पनेने पाहिल्यास पातळ्यांची ही सरमिसळ दोषास्पद ठरेल, कारण तेथे नटाने पात्रात विरून जावे अशी अपेक्षा असते. 'सोंग' या संकल्पनेत अशी अपेक्षा नाही. मराठीत सोंग 'घेतात', 'आणतात', 'वठवितात' आणि शेवटी 'उतरवितात'. या क्रियापदांतच सोंग आणि ते घेणारा यांच्यातील अंतर गृहीत आहे. गावातील सोंगी भारुडात आंधळ्याचे सोंग घेऊन आलेला मनुष्य कोणाचा कोण, हे समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. दिवसा शेतात भेटणारा माणूस रात्री वासुदेव, जोशी किंवा भुत्या होऊन येतो, आणि ही ओळख प्रयोगाच्या आड न येता त्याच्या रंगतीत भर घालते. साथीदार त्याला सोंगाच्या नावाने हाक मारता मारता मध्येच त्याच्या घरच्या गोष्टीवर कोटी करतो, सभा हसते, सोंग मोडत नाही. फाइन यांनी सांगितलेल्या पातळ्यांपैकी व्यक्ती आणि पात्र या दोन येथे एकत्र नांदतात.

रिचर्ड शेक्नर यांनी रामनगरच्या रामलीलेच्या अभ्यासातून प्रयोगकर्त्याच्या स्थितीचे वर्णन केले आहे. राम झालेला मुलगा राम नाही, आणि तो राम नाही असेही म्हणता येत नाही, असे त्याचे सार. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला पाहणाऱ्या श्रोत्यांना ही अवस्था समजावून सांगावी लागणार नाही. मात्र रामलीला आणि भूमिकाखेळ यांत एक मूलभूत भेद आहे. रामलीलेचा शेवट बांधलेला आहे. रावण पडणार हे सर्वांना ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्यातच तिचे समाधान आहे. भूमिकाखेळाचा शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो. या दृष्टीने तो कोकणातील दशावताराला अधिक जवळचा आहे. तेथे आख्यान आधी ठरते, परंतु संवाद लिहिलेले नसतात. प्रत्येक नट समोरच्याचे बोलणे ऐकून आपले वाक्य रचतो. दशावतारात कथानक बांधलेले आणि बोलणे मोकळे, तर भूमिकाखेळात दोन्ही मोकळी असतात.

५. फासा आणि दान

कथेत फाशाला स्थान देणे भारतीय परंपरेला नवे नाही. महाभारतातील सभापर्वाचा सारा प्रसंग द्यूतावर उभा आहे, आणि नलोपाख्यानात राजा फाशांपायी राज्य गमावतो. परंतु या कथांत फासा हा कथेतील विषय आहे. कथा रचण्याचे साधन नाही. फाशाने कथाच रचण्याचा जवळचा दाखला मोक्षपटात सापडतो. परंपरेने हा खेळ ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. या श्रेयाला समकालीन लेखी आधार मात्र मिळत नाही. पटावरील घरे पाप-पुण्याच्या, गुण-दोषांच्या नावांची असतात. शिडी वर नेते, साप खाली आणतो, आणि कवड्यांच्या दानावर सोंगटी जन्ममरणाच्या घरांतून मोक्षाकडे सरकते. खेळणाऱ्याच्या तोंडून एका जीवाच्या प्रवासाची गोष्टच उलगडते. इंग्लंडमध्ये हाच खेळ साप-शिडीच्या रूपाने गेला आणि लहान मुलांचा होऊन राहिला.

मोक्षपटात खेळणाऱ्याला निवड नाही. दान पडेल तेथे जावयाचे. दैवाचा पगडा आणि त्यातून शिकावयाची नम्रता हा त्या खेळाचा आशय आहे. भूमिकाखेळात क्रम उलटा असतो. आधी निश्चय, मग दान. वैदिणीने काय करावयाचे हे फाशाने सांगितले नाही. तिने केलेल्या कृत्याचे फळ काय, एवढेच सांगितले. कर्म माणसाचे आणि फळ अनिश्चित, ही मांडणी गीतेच्या वाचकाला ओळखीची वाटेल. येथे तिचे तत्त्वज्ञान करण्याचे कारण नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट इतकीच की पात्राचा स्वभाव त्याच्या निवडीतून प्रकट होतो आणि कथेचे वळण कौलातून मिळते. या दोन गोष्टी वेगळ्या हातांत असल्यामुळे कोणाही एकाच्या इच्छेप्रमाणे कथा वाकत नाही. कादंबरीकाराला योगायोगाचा वापर जपून करावा लागतो, कारण तो योगायोग त्यानेच योजलेला आहे हे वाचक जाणतो. फाशाच्या योगायोगावर असा आक्षेप घेता येत नाही.

६. सूत्रधाराचे कर्तव्य

संस्कृत नाटकातील सूत्रधार प्रस्तावना करून जातो. दशावतारातील सूत्रधार गणपती-सरस्वतीच्या पूर्वरंगाशी अधिक निगडित असतो. भूमिकाखेळातील सूत्रधार शेवटपर्यंत बसून राहतो आणि त्याच्याकडे तीन कामे असतात. तो जगाचे वर्णन करतो. गड्यांनी न घेतलेली सारी पात्रे बोलतो. आणि शंकेच्या वेळी निवाडा देतो. कवी, नट आणि पंच या तिघांचा हा संयोग आहे. त्याच्या हातात सत्ता मोठी असते, म्हणून तिच्या मर्यादाही मोठ्या असाव्या लागतात.

अनुभवी मंडळांत या मर्यादा संकेतांनी पाळल्या जातात. सूत्रधाराने गड्याच्या सोंगाचे मन परस्पर सांगू नये. 'तुला भीती वाटते' असे न म्हणता भीतीदायक दृश्य सांगावे. एकच शेवट मनात धरून गड्यांना त्या वाटेला हाकू नये. अपयशानेही काही घडावे. जो गडी कमी बोलतो त्याला नावाने प्रश्न विचारावा. आणि तयारी करताना कथा रचण्याऐवजी माणसे, जागा आणि त्यांच्या गरजा रचाव्यात; जहागीरदाराला पाणी का राखावयाचे आहे हे ठाऊक असले की तो कोणत्याही प्रसंगात काय करील हे आपोआप सुचते. वारकरी कीर्तनकाराची तयारीही याच जातीची असते. अभंग आणि त्याची चौकट पक्की असते, दृष्टांतांचा साठा मनात असतो. कोणता दृष्टांत कोठे यावा हे समोरची सभा पाहून ठरते. पॅरी आणि लॉर्ड यांनी युगोस्लाव्हियातील गायकांच्या अभ्यासातून हीच प्रक्रिया सांगितली. लॉर्ड यांच्या 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथाचे मर्म असे की मौखिक कवी पाठ केलेले म्हणत नाही, तर म्हणता म्हणता रचतो. भूमिकाखेळात या रचणाऱ्यांची संख्या एकावरून पाचांवर जाते.

७. कोणाचे सोंग कोणी घ्यावे

येथवर केलेली तुलना एका कठीण प्रश्नापाशी येऊन थांबते. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, मुका, बहिरा, वासुदेव, गोंधळी, जोशी, महार अशी समाजाच्या नाना थरांतील पात्रे बोलतात. सोळाव्या शतकात पैठणच्या एका ब्राह्मण संताने ही बोली आपल्या रचनेत आणली, हे मराठी वाङ्मयाचे वैभव मानले गेले. परंतु दलित साहित्याच्या चर्चेने स्वानुभव आणि सहानुभूती यांतील अंतर समीक्षेसमोर ठेवल्यानंतर या वैभवाकडे पूर्वीच्या निःशंक दृष्टीने पाहता येत नाही. जोहार घालणाऱ्याचे सोंग ज्याला कधी जोहार घालावा लागला नाही त्याने घ्यावे काय? १९७८ ते १९९४ या नामांतराच्या काळाचे व्रण बाळगणाऱ्या मराठवाड्यात हा केवळ सैद्धान्तिक प्रश्न नाही. वर उल्लेखिलेल्या वसतिगृहाच्या खोलीत कारकुनाचे सोंग कोण घेतो, वैदिणीचे कोण आणि जहागीरदार कोणाच्या आवाजात बोलतो, हे गड्यांच्या आडनावांपासून अलग राहत नाही. वैदिणीचे सोंग पुरुष गड्याने घेतले आहे, हीदेखील नजरेआड करण्याजोगी बाब नव्हे.

या प्रश्नावर दोन टोकांची उत्तरे संभवतात. ज्याने त्याने आपलेच सोंग घ्यावे, हे एक. मग सोंग ही कल्पनाच निकालात निघते. खेळच तर आहे, कोणी काहीही व्हावे, हे दुसरे. त्यात थट्टेच्या नावाखाली अवहेलना शिरते. तमाशा-बतावणीच्या इतिहासात त्याचे दाखले दुर्मीळ नाहीत. भूमिकाखेळ तिसरी शक्यता दाखवितो, आणि ती त्याच्या रचनेतच आहे. येथे ज्याच्याविषयी बोलले जाते तो मेजाशी बसलेला असू शकतो आणि त्याला बोलण्याचा बरोबरीचा अधिकार असतो. 'आमच्यात असं बोलत नाहीत' हे वाक्य तो खेळ थांबवून म्हणू शकतो, आणि तेही खेळाचाच भाग ठरते. जगभरच्या मंडळांत २०१० नंतरच्या दशकात या अधिकाराला उघड रूप देण्यात आले. कथा सुरू होण्यापूर्वी एक बैठक घेऊन कोणते विषय नकोत ते ठरविणे, मेजावर फुली काढलेले पत्ते ठेवणे आणि प्रसंग असह्य झाल्यास कारण न सांगता त्यावर बोट ठेवणे, या रीती रूढ झाल्या. भारुडाच्या सभेत पारापासून दूर बसावे लागणाऱ्याला असा पत्ता कधी मिळाला नव्हता.

अर्थात हा अधिकार कागदावर असून भागत नाही. मित्रमंडळातही वडीलकी असते, जात असते, इंग्रजी येणे-न येणे असते. या खेळाच्या बहुतेक नियमपुस्तिका इंग्रजीत आहेत, आणि त्यामुळे नियम वाचू शकणारा गडी आपोआप सूत्रधार होऊन बसतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, या म्हणीतले शहाणपण येथेही लागू आहे. तरीही खेळाचा गाभा पुस्तकात नसून 'तुम्ही काय करता?' या प्रश्नात आहे. तो मराठीत, किंबहुना हिंगोलीच्या बोलीत विचारण्यास एक सहा पैलूंचा फासा आणि चार कोरे कागद पुरेसे आहेत.

८. सवंगडी आणि काला

भारूड आणि भूमिकाखेळ यांतील सर्वांत मोठा भेद प्रेक्षकाचा आहे. भारुडाला सभा लागते. त्याचा दुहेरी अर्थ सभेच्या मनात पूर्ण होतो. विंचू चावला या तक्रारीतून काम-क्रोधाकडे जाणारा मार्ग श्रोत्याने चालावयाचा असतो. भूमिकाखेळाला असा नेमलेला आध्यात्मिक अर्थ नाही आणि ऐकणारा कोणी वेगळा नाही. जे रचतात तेच ऐकतात. म्हणून त्याला वाङ्मय म्हणण्यास हरकत घेतली जाईल.

या हरकतीचे उत्तर शोधताना नरसीच्या नामदेवांकडे वळणे उपयुक्त ठरते. नामदेवांच्या गाथेत कोणते अभंग मूळ नामदेवांचे आणि कोणते विष्णुदास नामा इत्यादी नंतरच्या कवींचे, हा वाद येथे बाजूस ठेवावा. त्या गाथेतील बाळक्रीडेच्या अभंगांत कृष्णाचे ऐश्वर्य जितके आहे तितकेच सवंगड्यांच्या खेळालाही स्थान आहे. वारकरी परंपरेत सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाल्ल्या, ही त्यातील मुख्य घटना. कोणाचा घास कोणता, हे त्या काल्यात ओळखता येत नाही. आणि तो बाहेरच्या कोणासाठी केलेला नसतो, करणारेच तो खातात. अनेककर्तृक, प्रेक्षकविहीन, तत्काळ संपणारी आणि तरीही अर्थपूर्ण अशी कृती मराठी परंपरेने केवळ मान्य केलेली नाही, तर सांगतेच्या मानाच्या जागी बसविली आहे. भूमिकाखेळाचे कथन या अर्थाने कालवलेले कथन आहे. त्याला 'काला-कथन' अशी संज्ञा सुचविता येईल.

ही संज्ञा मान्य केल्यास मूल्यमापनाचे निकषही बदलतात. अशा कथनात शैली, घाट, अलंकार यांच्याआधी पाहावे लागेल ते ऐकणे. एकाने टाकलेला धागा दुसऱ्याने उचलला काय? 'लेकराचा ताप' हे शब्द ऐकून सूत्रधाराने मुलाला कथेत येऊ दिले काय? अपयशाला अर्थ मिळाला काय? कमी बोलणाऱ्याची शिदोरी काल्यात पडली काय? हेच निकष भारुडाच्या प्रयोगाला लावून पाहिले तर साथीदाराचे कार्य, जे छापील गाथेत कोठेच दिसत नाही, अभ्यासाच्या केंद्रस्थानी येते. निरंजन भाकरे यांच्यासारख्या भारुडकाराने 'बुरगुंडा' रंगविताना समोरच्या श्रोत्याला खेळात ओढावे आणि त्या ओढण्यातून रचना त्या दिवसाची व्हावी, हे यश संहितेच्या निकषांनी मोजता येत नव्हते. २०२१ मध्ये भाकरे यांचे निधन झाले. अशा कलावंताबरोबर नेमके काय जाते, हे सांगण्यासाठीही समीक्षेला शब्द हवे आहेत.

९. समारोप

वरील विवेचनातून अध्यापनासाठी एक सूचना निघते. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत, विशेषतः हिंगोली जिल्ह्यात, भारूड शिकविताना एक तासिका भूमिकाखेळाच्या रीतीने घेऊन पाहता येईल. पाच विद्यार्थ्यांचा गट करावा. एकाने सूत्रधार व्हावे; इतरांनी भारुडातील एकेक पात्र घ्यावे, मात्र मूळ पदे म्हणू नयेत. आंधळा, गोंधळी आणि जोशी एका बाजाराच्या दिवशी औंढ्याच्या वाटेवर भेटले तर काय होईल, येथून आरंभ करावा. सुरुवातीलाच कोणते विषय नकोत ते ठरवावे. गटाबाहेरच्या एका विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण करून नंतर शब्दांकन करावे, आणि मग एकनाथांची संहिता उघडावी. आपण कोणाला काय बोलू दिले आणि नाथांनी काय बोलू दिले, यांची तुलना झाल्यावर संहितेतील मौनेही ऐकू येऊ लागतील. एखाद्या विद्यार्थ्याने एखादे सोंग घेण्यास नकार दिला तर त्या नकाराचीही नोंद व्हावी. वर्गातील चर्चेला त्याहून मोलाची सामग्री मिळणे कठीण.

आधुनिक मराठी समीक्षेने वाङ्मयाचा विचार प्रामुख्याने लेखक, कृती आणि वाचक या त्रयीत केला. लोकपरंपरेने सोंगाड्या, साथीदार आणि सभा ही दुसरी त्रयी शतकानुशतके चालविली. भूमिकाखेळ हा परक्या भूमीतून आलेला असला तरी तो या दुसऱ्या त्रयीचा आप्त आहे. बैठक संपल्यावर मेजावर खाडाखोड केलेले चार कागद उरतात. त्यांवरून वैदिणीने विचारलेला प्रश्न आणि पहारेकऱ्याचे रडणे कोणालाही पुन्हा उभे करता येणार नाही; ते त्या चौघांच्या स्मरणात राहील आणि तेही चार प्रकारांनी. जे असे स्मरणातच राहते त्याचा अभ्यास करावयाचा तर अभ्यासकाला एकदा तरी मेजाशी बसून सोंग घ्यावे लागेल. भारुडाच्या अभ्यासकालाही पारावर जाऊन बसण्यावाचून गत्यंतर नाही.